तेच ऑपरेशन, दोन वेगळे आकडे : वारशाने येणारा महाधमनीचा आजार

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन विसरल्यामुळे एपिसोड ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो तिथे जरा साफसफाई केली आहे, बाकी मजकूर तोच.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर लॉग वाचतो आणि डॅशबोर्डवरचे आकडे खरं बोलतायत का ते तपासतो. मग हृदयाच्या ऑपरेशनबद्दल मी का बोलतोय? तर माझ्या हॉस्टेलच्या रूममेटमुळे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेणार नाही.

हा मुलगा सहा फूट तीन इंच. हातपाय लांबसडक, अंगावर मांस नाही. हॉस्टेलमध्ये आम्ही त्याला 'खांब' म्हणायचो. तो आठवीत असताना त्याचे वडील एकेचाळिसाव्या वर्षी अचानक गेले. घरात सगळे एवढंच म्हणायचे, "अटॅक आला." मागच्या वर्षी हा चष्म्याचा नंबर तपासायला गेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय. एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." टूडी एको झाला. महाधमनीचा मुळाशी व्यास ४.९ सेंटीमीटर. निदान : मार्फन सिंड्रोम. सल्ला : छाती उघडून ऑपरेशन.

त्या रात्री त्याचा फोन आला. "मला काहीही होत नाहीये रे. जिने चढतो, क्रिकेट खेळतो. आणि हे म्हणतात छाती उघडू. तू आकडे बघतोस ना, मग बघून सांग, वाचायचा चान्स किती?"

त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी पाइप समजून घेऊ

हृदयातून शुद्ध रक्त ज्या मोठ्या नळीतून बाहेर पडतं ती महाधमनी, म्हणजे एओर्टा. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघते, वर जाते, छडीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली पोटापर्यंत उतरते. मोठ्या माणसात मुळाशी तिचा व्यास साधारण ३ ते साडेतीन सेंटीमीटर, उंचीनुसार थोडा कमी-जास्त. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला ही नळी थोडी ताणली जाते आणि परत मूळ जागी येते.

हे ताणणं आणि परत येणं जमतं ते भिंतीतल्या लवचीक तंतूंमुळे. त्या तंतूंच्या बांधणीत फिब्रिलिन नावाचं प्रथिन लागतं. ते कसं बनवायचं याची कृती एफबीएन१ नावाच्या जनुकात असते. १९९१ मध्ये मार्फनचा संबंध याच जनुकाशी आहे हे सिद्ध झालं. कृतीत चूक असेल तर भिंत हळूहळू सैल पडते आणि नळी फुगत जाते. सायकलच्या जुन्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते ना, तसं. या फुग्याला ॲन्युरिझम म्हणतात. फुगा जेवढा रुंद, तेवढा त्याच रक्तदाबाला भिंतीवरचा ताण जास्त, म्हणून तो आणखी फुगतो.

फुगा फुटण्याचा धोका तर असतोच. पण त्याआधी बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी घडतं, आणि ते समजायला घडीची पोळी आठवा. तव्यावर पोळी फुगते तेव्हा तिचे पदर सुटतात आणि मध्ये वाफ शिरते. महाधमनीची भिंतही अशीच पदरांची असते. आतल्या पदराला चीर गेली की दाबाखालचं रक्त दोन पदरांच्या मध्ये घुसतं आणि पदर सुटत सुटत लांबपर्यंत जातात. याला डिसेक्शन म्हणतात. हे हृदयाजवळच्या भागात झालं, तर उपचार न मिळाल्यास पहिल्या काही तासांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असं हृदयविकाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं शिकवलं जातं.

आणि दुखतं कुठे? छातीत, नाहीतर पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार अटॅकच. मित्राच्या वडिलांचं नेमकं काय झालं ते आता कधीच कळणार नाही. पण मार्फन हे नाव ऐकल्यावर त्याची आई बराच वेळ गप्प बसली होती.

तो आकडा, ज्यामुळे मी रात्रभर जागा होतो

१९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. उत्तर अमेरिका आणि युरोपातली अनुभवी अशी दहा सेंटर, मार्फनचे ६७५ पेशंट. सगळ्यांच्या महाधमनीचं मूळ बदललेलं. त्यांनी पेशंटचे तीन गट केले आणि ऑपरेशननंतर ३० दिवसांत किती गेले ते मोजलं.

ठरवून, तारीख घेऊन केलेलं ऑपरेशन : ४५५ पेशंट, मृत्यू १.५ टक्के.
सर्जननी तपासल्यावर सात दिवसांच्या आत करावं लागलेलं : ११७ पेशंट, मृत्यू २.६ टक्के.
इमर्जन्सी : १०३ पेशंट, मृत्यू ११.७ टक्के.

हे माणसांत मोजू. पहिल्या गटात साडेचारशेहून जास्त लोकांपैकी ७ गेले. तिसऱ्या गटात जेमतेम शंभर लोकांपैकी १२. आजार तोच आणि सेंटरही तीच. फरक एवढाच की पहिल्या गटातले लोक डबा, चप्पल आणि मोबाइलचा चार्जर घेऊन स्वतःच्या पायांनी ॲडमिट झाले होते.

मित्राला मी हेच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मला काही होत नाहीये, हीच ऑपरेशनची योग्य वेळ?" हो. ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडे तेच सांगतात.

थांबा, आकडा तपासून घेऊ

ऑफिसमध्ये कुणी छान ग्राफ दाखवला की मी पहिला प्रश्न विचारतो : मोजताना कोण सुटलं? इथेही विचारू.

एक. ११.७ टक्क्यांमध्ये फक्त ऑपरेशन टेबलपर्यंत पोहोचलेले लोक आहेत. जे घरी गेले, वाटेत गेले किंवा अटॅक समजून भलताच उपचार झाल्यामुळे गेले, ते या यादीत नाहीतच. म्हणजे डिसेक्शनचा खरा धोका या आकड्याहून बराच मोठा.

दोन. इमर्जन्सीचे पेशंट मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे सगळा फरक वेळेमुळे पडला असं म्हणता येणार नाही. पण ते जास्त आजारी झाले तेच मुळात पदर सुटल्यामुळे. फिरून गाडी तिथेच येते.

तीन. ही दहा सेंटर अशी ऑपरेशनं नेहमी करणारी होती. वर्षाला दोन-चार करणाऱ्या ठिकाणी हाच १.५ टक्के मिळेल असं गृहीत धरू नका. म्हणून सर्जनना सरळ विचारायचं, "सर, तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? त्यातली मार्फनची किती?" मित्राने विचारलं. सर्जन अजिबात रागावले नाहीत, उलट नीट आकडे सांगितले. जे रागावतील, त्यांच्या बाबतीत दुसरं मत घ्या, एवढंच म्हणेन.

आता ४.९ ला ऑपरेशन का? सर्वसाधारण माणसात साधारण साडेपाच सेंटीमीटरपर्यंत थांबतात. मार्फनमध्ये ५. आणि घरात कुणाला डिसेक्शन झालं असेल किंवा व्यास झपाट्याने वाढत असेल, तर साडेचारच्या आसपासच विचार सुरू होतो. त्या १९९९ च्या अभ्यासात डिसेक्शन होऊन आलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांचा व्यास साडेसहा किंवा त्याहून कमी होता. म्हणजे खूप मोठा होईपर्यंत वाट बघू, हा हिशेब चुकीचा. मित्राचं ४.९ आणि वडिलांचा इतिहास, दोन्ही एकत्र धरून निर्णय झाला.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

छातीचं मधलं हाड उभं कापून छाती उघडतात. हृदय थांबवून शरीराचं रक्ताभिसरण हार्ट-लंग मशिनवर घेतात. महाधमनीचा फुगलेला भाग काढून तिथे डेक्रॉनची, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिस्टरची नळी शिवतात. हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं त्या नळीवर परत जोडतात. पुढे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला बेंटाल. ह्यू बेंटाल आणि अँथनी डी बोनो या लंडनमधल्या सर्जननी १९६८ मध्ये ही पद्धत मांडली. यात नळीबरोबर झडपही नवी बसते, तरुण माणसात बहुधा धातू-कार्बनची. फायदा असा की ही झडप झिजत नाही. किंमत अशी की रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी आयुष्यभर, आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर ही रक्ततपासणी. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी, पालक, कोथिंबीर यांतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी बंद नसते, पण एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं चालत नाही. प्रमाण सारखं ठेवायचं. आणि रात्री शांततेत छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते, तिची सवय करून घ्यावी लागते.

दुसरा डेव्हिड. टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांची पद्धत, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. यात पेशंटची स्वतःची झडप वाचवून ती नव्या नळीच्या आत परत शिवतात. आयुष्यभराची वॉरफरिन टळते. पण हे काम नाजूक, हात सराईत हवा, आणि काही जणांची झडप पुढे कधीतरी गळू लागून दुसरं ऑपरेशन लागू शकतं. वॉरफरिन पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, म्हणून पुढे मूल हवं असलेल्या मुलींसाठी ही निवड फार महत्त्वाची ठरते. शिवाय मार्फनमध्ये गरोदरपणात डिसेक्शनचा धोका वाढतो, त्यामुळे हे बोलणं मूल राहायच्या आधीच व्हायला हवं.

इथे आमच्या जमातीतल्या एका माणसाची आठवण काढायलाच हवी. टॅल गोल्सवर्दी हा ब्रिटिश इंजिनिअर, त्याला स्वतःला मार्फन. त्याला आयुष्यभराची वॉरफरिन नको होती. त्याने डोकं चालवलं : स्कॅनवरून माझ्या महाधमनीचं कॅड मॉडेल करू, त्याची हुबेहूब प्रतिकृती छापू आणि तिच्या मापाची जाळी विणून महाधमनीला बाहेरून मोज्यासारखी घालू. २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये जॉन पेपर या सर्जननी ती जाळी बसवली, आणि पहिला पेशंट तो स्वतःच. यातही छाती उघडावी लागते, पण महाधमनी कापायची गरज नसते. स्वतःचाच बग स्वतः फिक्स करणं म्हणजे काय ते यावरून कळतं! फक्त बेंटालमागे पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव आहे, तेवढा या जाळीमागे अजून नाही.

सगळे वारसे सारखे नसतात

'वारशाने येणारा महाधमनीचा आजार' म्हणजे फक्त मार्फन नव्हे. २००५ मध्ये बार्ट लोईज आणि हॅल डायट्झ यांनी वेगळा ओळखलेला लोईज-डायट्झ सिंड्रोम आहे. यात कमी व्यासालाही डिसेक्शन होऊ शकतं, म्हणून ऑपरेशन मार्फनपेक्षा लवकर सुचवतात. समाधानाची गोष्ट अशी की यात भिंत टाके बऱ्यापैकी धरते. दुसरा एलर्स-डॅनलॉसचा रक्तवाहिन्यांचा प्रकार, सीओएल३ए१ या जनुकातला. त्यात भिंत ओल्या कागदासारखी, टाका घातला तरी फाटते. तिथे सर्जन शक्यतो सुरी टाळतात. म्हणून जनुकाची तपासणी ही हौस नाही. कधी कापायचं आणि कापायचं की नाही, हे त्यावरून बदलतं.

आणि जागेनुसारही निकाल बदलतो. छाती आणि पोट दोन्हींतून जाणारी खालची महाधमनी बदलायची असेल तर ते फार मोठं काम, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या छोट्या शाखा तिथूनच निघतात. ह्यूस्टनच्या जोसेफ कोसेली यांच्या गटाने अशा ३,३०९ ऑपरेशनांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला. सगळ्या कारणांचे पेशंट धरून मृत्यू ७.५ टक्के, आणि २.९ टक्के लोकांच्या पायांना कायमचा लकवा. हे जगातल्या सर्वांत अनुभवी हातांचे आकडे आहेत. मुळाच्या ऑपरेशनचा १.५ टक्के आठवा आणि तुलना करा.

मग मांडीतून तार घालून स्टेंट का नाही टाकत? हा प्रश्न मीही विचारला होता. स्टेंट आतून भिंतीला दाबून टिकतो. ज्याची भिंतच सैल आहे, तिथे तो कशाच्या आधारावर बसणार? भिंत पुढे आणखी फुगते, स्टेंटच्या कडेने रक्त झिरपतं, कधी कडेलाच नवी चीर जाते. म्हणून या आजारांत आजही बहुतेक वेळा पहिली पसंती उघड्या ऑपरेशनलाच.

"झालं ना आता सगळं?"

मित्राचं ऑपरेशन झालं. डेव्हिड पद्धतीने. सकाळी आठला आत नेलं, दुपारी तीननंतर सर्जन बाहेर आले. सहाव्या दिवशी तो वॉर्डात चालत होता, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने खोकताना छातीला धरायची उशी कवटाळून. मला म्हणाला, "झालं ना आता सगळं?"

मी लगेच हो म्हणू शकलो नाही, कारण त्याच ६७५ जणांच्या अभ्यासाचा दुसरा भाग मी वाचला होता. तीस दिवसांनंतर जे ११४ लोक गेले, त्यांच्यातली दोन मोठी कारणं : उरलेल्या महाधमनीचं डिसेक्शन किंवा फुटणं, २२ जण, हृदयाची लय बिघडणं, २१ जण. नळीचा एक तुकडा बदलतो. जनुक मात्र तेच राहतं, आणि बाकीची महाधमनी त्याच कच्च्या मालाची असते.

म्हणून पुढची कामं आयुष्यभराची. दरवर्षी एको, आणि डॉक्टर सांगतील तसं उरलेल्या महाधमनीचं सीटी किंवा एमआरआय. रक्तदाब आणि ठोके आटोक्यात ठेवायला बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टनसारखी गोळी. चालणं चालेल, जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलणं नाही. कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक.

आणि एक गोष्ट आपल्याकडे खास महत्त्वाची. पोट बिघडलं की आपण मेडिकलवाल्याकडून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेऊन मोकळे होतो. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला की या गटातल्या औषधांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, आणि मार्फन व एलर्स-डॅनलॉसच्या लोकांना दुसरा पर्याय असेल तर ही देऊ नयेत. मित्राने पाकिटात चिठ्ठी ठेवली आहे : आजाराचं नाव, ऑपरेशनचं नाव, आणि 'छातीत किंवा पाठीत अचानक जोराचं दुखलं तर ईसीजीवर थांबू नका, सीटी करा.'

घाबरवतोय असं वाटलं तर हे ऐका. १९७२ च्या एका अभ्यासात मार्फनच्या लोकांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. १९९५ मध्ये आलेल्या अभ्यासाने अंदाज केला की निम्मे लोक आता ७२ च्या पुढे जातील. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका. पण दिशा स्पष्ट आहे, आणि वेळेवर केलेलं ऑपरेशन हे त्यामागचं एक मोठं कारण.

घरातले बाकीचे

फ्लो हायमन. अमेरिकेची व्हॉलिबॉलपटू, उंची सहा फूट पाच इंच, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. २४ जानेवारी १९८६ ला जपानमधल्या मात्सुए शहरात सामना चालू असताना ती बदली होऊन बाकावर येऊन बसली आणि कोसळली. वय ३१. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हार्ट अटॅक. शवविच्छेदनात कळलं, मार्फन आणि फाटलेली महाधमनी. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तेच निघालं आणि त्याचं ऑपरेशन वेळेत झालं.

आई किंवा वडिलांना मार्फन असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता पन्नास टक्के. नाणेफेकच. साधारण पाव लोकांमध्ये तो घरात पहिल्यांदाच उगवतो. म्हणून एकाचं निदान झालं की भावंडं, मुलं आणि आईवडील, सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

मित्राची ताई चौतीस वर्षांची. ती चार महिने टाळत होती. "मी कुठे त्याच्यासारखी उंच आहे? मला काही नाही झालेलं." उंची नसली तरी जनुक असू शकतं, हे तिला तीनदा सांगितलं. शेवटी आईनेच तिला हाताला धरून नेलं. व्यास ४.२. जनुकाची तपासणीही आली, भावातली चूक तिच्यातही.

त्या रात्री मित्राचा परत फोन आला. या वेळी त्याने चान्स विचारला नाही. म्हणाला, "ताईची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी परत एको. तिच्या मुलाची तपासणी पुढच्या आठवड्यात." थोडं थांबून म्हणाला, "बाबांना कुठल्या गटात आहोत ते कळलंच नाही रे. ताई निदान पहिल्या गटात आहे."

४५५ वाला गट. चप्पल आणि चार्जर घेऊन जाणाऱ्यांचा.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल आणि "अटॅक आला" एवढंच माहीत असेल, शिवाय घरात कुणी खूप उंच, लांब बोटांचं, डोळ्याचं भिंग सरकलेलं असेल, तर एक टूडी एको करून घ्या. दुखत नाही, अर्धा तास लागतो. आणि हा एपिसोड तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्येच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!